पत्र्यावरचा दात

पोरगी पडली तेव्हा मी तिच्यापासून दोन हातांवर होते. हे नंतर मी बऱ्याच जणांना सांगितलं. ते खरंच आहे, पण त्याचा काही उपयोग नसतो. फुलपात्र तोंडाला लावून ती पाणी पीत पीत चालत होती, उंबऱ्याला पाय अडकला आणि स्टीलची कड वरच्या दातावर बसली. आधी भांड्याचा आवाज आला, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग ती रडली.

मी तिला उचललं, मोरीवर नेलं, गार पाण्यानं तोंड धुतलं. ओठ आतून फाटला होता, त्यामुळे रक्त दिसायला फार होतं. ओला रुमाल दाबून धरला. रक्त थांबल्यावर बोटानं ओठ वर केला. समोरच्या दोन दातांपैकी डावीकडच्या दाताचं टोक गेलं होतं, तिरकं. दात हलत नव्हता. तेवढं बघून मी तिच्या आईला फोन केला. शाळेत तास चालू असणार म्हणून उचलला नाही. मग वडिलांना केला, ते मीटिंगमध्ये. दोघांनाही मेसेज टाकला, तिच्या आणि माझ्या पायांत चपला सरकवल्या, तिला कडेवर घेतलं आणि निघाले. त्याच वेळी भांडीवाली दारात आली. तिला म्हटलं, "घर बघ, मी आले." फरशीवर रक्त सांडलेलं तिला दिसतच होतं, वेगळं सांगायची गरज नव्हती.

पोरगी माझी कुणी नाही. आमच्या वरच्या मजल्यावर जे भाडेकरू राहत होते त्यांची मुलगी. वडील बँकेत अधिकारी, दर तीन-चार वर्षांनी गाव बदलणारे. आई इथल्या एका शाळेत शिकवायची. बाळंतपणाची रजा वाढवून वाढवून संपली, तेव्हा ती एकदा पोरीला घेऊन जिन्यात उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, घरी येऊन सांभाळणारी एखादी बाई बघून द्याल का?" मी म्हटलं, "मी आहे की." ती माझ्याकडे बघत राहिली. मलाही नंतर नवल वाटलं, कारण बोलायच्या आधी मी काही ठरवलं नव्हतं.

मी घरातच फॉल-पिको आणि ब्लाऊजची कामं करते. आम्हाला मूल झालं नाही. यजमान गेले त्याला आता काही वर्षं झाली. घर अक्कलकोट रोडच्या बाजूला, मागच्या गल्लीत अजून काही लूम चालू आहेत, त्यांची खटखट दिवसभर ऐकू येते आणि ती बंद पडली तरच लक्षात येते. गिऱ्हाइकं येतात, माप देतात, जातात. पोरगी यायच्या आधी असे दिवस असायचे की "परवा मिळेल" आणि "अस्तर तुमचं की माझं" याखेरीज माझ्या तोंडून काही निघालेलं नसायचं. त्याचं मला फार काही वाटतही नव्हतं. सवय झाली की माणूस त्याला स्वभाव म्हणतो.

पोरगी आली आणि मला दिवसभर बोलावं लागायला लागलं. हे काय, हे रीळ. कुठल्या रंगाचं, मोरपंखी. ती मशीनखाली बसून रिळांची रांग लावायची आणि रांग मोडली की मलाच रागवायची. काकूचं ती "ताकू" करायची. भाकरीचा पापुद्रा वरणात बुडवून दिला की गप्प खायची, पण पापुद्राच हवा, खालची बाजू दिली की परत माझ्या ताटात. दुपारी झोपताना माझ्या कानाची पाळी धरायची. दोन महिन्यांनी मी कानातल्या रिंगा काढून ठेवल्या, तिला टोचत होत्या म्हणून.

तिच्या वडिलांना हे पहिल्यापासून पुरेसं वाटत नव्हतं, ते मला माहीत होतं. वाईट माणूस नव्हे. व्यवस्थित, मोजकं बोलणारा. शाळेच्या जवळ एक नवं पाळणाघर निघालं होतं, तिथं कॅमेरे होते, आईवडिलांना मोबाइलवर पोर बघता येत होतं. दोनदा जिन्यात त्यांनी त्याचा विषय माझ्यासमोर काढला होता, सहज काढल्यासारखा. दोन्ही वेळा पोरीची आई म्हणाली होती, "काकूंकडे बरी आहे की ती." आमचा सगळा व्यवहार तिच्या त्या एका वाक्यावर उभा होता. रिक्षात पोरीच्या तोंडावर रुमाल धरून बसले होते तेव्हा मला हे स्पष्ट दिसत होतं. आता ते वाक्य तिला म्हणता येतंय का, एवढाच प्रश्न होता.

दाताच्या दवाखान्यात काउंटरवर एक मुलगी बसली होती. तिनं विचारलं, "पेशंटच्या आजी का?"

"नाही."

"मग कोण?"

"खाली राहते."

"म्हणजे?"

"ते वर राहतात, मी खाली. घरमालकीण."

तिनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि खोडलं. "आई-वडिलांपैकी कुणीतरी लागेल हो मावशी. मॅडम बघतील, पण काही करायचं तर सही लागते."

मी म्हटलं, "येतायत." मग आम्ही बाकड्यावर बसलो. पोरीनं रडणं थांबवलं होतं. भिंतीवर हसऱ्या दाढेचं चित्र होतं, दाढेला हात-पाय होते. ती त्याकडे बोट करून काहीतरी म्हणाली, पण ओठ सुजल्यामुळे मला कळलं नाही. आजवर तिचं मला सगळं कळायचं, आईला कळायचं नाही तेसुद्धा. मी नुसतं "हो" म्हटलं.

आई आली ती शाळेच्या साडीतच, हाताला खडू. तिला बघितल्याबरोबर पोरगी दोन्ही हात पुढं करून तिच्याकडे झेपावली आणि नव्यानं रडायला लागली. बरोबरच आहे. माझ्या मांडीवर तिची एक चप्पल राहिली. दुसरी कुठं पडली ते मला सांगता आलं नसतं.

डॉक्टर तरुण मुलगी होती, हात हलका. ओठ बोटांत धरून तिनं सगळीकडून दाबून बघितला, दात बघितला, हिरडी बघितली. म्हणाली, "घाबरू नका. थोडाच तुटलाय, नस उघडी पडलेली नाही. धारदार झालाय तेवढा घासून गुळगुळीत करते. दात काळपट दिसायला लागला, किंवा हिरडीवर फोड आला, तर मात्र लगेच आणा. चार दिवस मऊ खायला द्या." मग तिनं विचारलं, "तुकडा आणलाय का?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नाही. बघितला नाही."

"ओठात तर नाही. म्हणजे जमिनीवर पडला असेल किंवा गिळला असेल. गिळला तर काळजी नाही, जाईल निघून. फक्त श्वासात ओढला गेला नाही ना, एवढं बघायचं. खोकतेय का?"

पोरीला दोन दिवस सर्दी होती. खोकला होताच. सकाळी आईनंच मला बाटली देऊन औषध सांगितलं होतं. पण डॉक्टरनं विचारलं आणि नेमकी तेव्हाच ती खोकली. त्यानंतर त्या दिवसात ती जितक्या वेळा खोकली, तितक्या वेळा आईनं मान वर केली.

घरी आलो तर भांडीवाली काम उरकून गेली होती. घर झाडून-पुसून लख्ख. रक्ताचा डाग नाही, फुलपात्र घासून उपडं घातलेलं. केराचा डबा रिकामा, कारण घंटागाडी येऊन गेली होती. इतर कुठल्याही दिवशी मी तिचं कौतुक केलं असतं. तिचा फोन नवऱ्याजवळ असतो. लावला.

"ती कुठाय?"

"घरी असंल की. मी मंगळवेढ्याला आलोय, गाडी घिऊन. काय झालं?"

"फरशीवर दाताचा तुकडा सापडला का, एवढं विचारायचं होतं."

"कुणाच्या दाताचा?" असं म्हणून तो हसला. "उद्या येईल की ती, बाई. तवा इचारा."

ती कुंभारीहून येते. तिथं जाऊन घर शोधावं असं मनात आलं होतं, पण नुसतं कुंभारी एवढ्या पत्त्यावर कुठं जाणार.

संध्याकाळी पोरीचे वडील आले. आधी ते तिला घेऊन मुलांच्या डॉक्टरांकडे गेले, आईही गेली. मी जाण्याचं काही कारण नव्हतं. दोघं आल्यावर आईनं जिन्यातूनच सांगितलं. छातीत दोन्हीकडे हवा नीट जातेय, एक्स-रे साफ आहे, पण एवढा बारीक तुकडा एक्स-रेत दिसेलच असं नाही. तुकडा सापडला असता तर प्रश्नच नव्हता. दोन दिवस लक्ष ठेवायचं.

मग वडील मोबाइलची बॅटरी लावून माझ्या पुढच्या खोलीत खाली बसले. "हरकत नाही ना, काकू?" मी म्हटलं, "शोधा." ते गुडघ्यांवर सरकत सरकत उंबऱ्यापासून मशीनपर्यंत आले. पायपुसणं झटकलं, मशीनच्या पायाशी हात घातला, भिंतीच्या कडेनं बोट फिरवलं. मी दिवा लावून उभी होते. माझ्या घरात एक पुरुष रांगत होता आणि मला त्याला चहा विचारावा की नाही हे सुचत नव्हतं. तुकडा नव्हता. मशीनच्या मागच्या पायाजवळून त्यांनी काही टाचण्या काढल्या. उठले, गुडघे झटकले आणि टाचण्या माझ्या तळहातावर ठेवल्या.

"काम म्हटलं की पडणारच म्हणा," ते म्हणाले.

मी रोज पोरगी यायच्या आधी लोहचुंबक फिरवते, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्या टाचण्या हातात असताना कसं सांगणार? ते वर गेले. मी जेवून घेतलं. वरून खोकला ऐकू आला की मी हातातलं काम थांबवायची. वरही पावलं वाजायची, कॉटपर्यंत जायची आणि परत यायची. एकदा मीही उठून जिन्यापर्यंत गेले. जाऊन काय म्हणणार होते? परत आले.

सकाळी भांडीवाली आली ती नेहमीसारखी बोलत बोलत. पाणी सुटायचा दिवस होता, तिला टाकीची घाई. मी तिला दारातच अडवलं.

"काल फरशीवर काही पांढरं सापडलं का गं तुला?"

"व्हय की. दाताचा तुकडा. पोर कशी हाय?"

"कुठाय तो?"

"टाकला."

"केरात?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी भलतं बोलले. "केरात कशी टाकीन बाई? दुधाचा दात हाय. पत्र्यावर टाकला, मागच्या न्हाणीच्या. उंदराला सांगून टाकला, ह्यो घे अन् पोरीला चांगला दे. आमच्यात असंच करत्यात. तुमच्यात न्हाय का?"

आमच्यातही असंच करतात. माझे सगळे दात आईनं कौलांवर टाकले आहेत. फक्त ते पडलेले दात, सहा-सात वर्षांच्या पोराचे. दोन वर्षांच्या पोरीच्या दाताचं टोक कुणी उंदराला देतं का? पण तिचंही बरोबर होतं. मी जाताना ठेव म्हणून सांगितलं नव्हतं.

"अगं, तो छातीत अडकला का काय म्हणून एक्स-रे काढला काल!"

"अगं बया!" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मला इचारायचं की मग!"

"तुझा फोन मंगळवेढ्याला होता."

मी जिन्यातून हाक मारली. पोरीची आई गाऊनवर ओढणी घेऊन धावत खाली आली, मागून वडील, दाढीला साबण. भांडीवालीनं सगळं पुन्हा सांगितलं, उंदरासकट. वडिलांनी शांतपणे विचारलं, "दातच होता का पण नक्की? साखरेचा दाणा नसेल?"

"साखरेला मुंग्या लागत्यात साहेब," ती म्हणाली. "अन् मी चार पोरं वाढवलीत, मला दात कळत न्हाय व्हय?"

मी मागून शिडी आणली. पत्र्याला वजन सोसणार नाही म्हणून शिडीवरूनच बघायचं होतं. मी चढले. पत्र्यावर लिंबाचा वाळलेला पाला, एक फाटका पतंग, कुणाची तरी कपड्याची क्लिप. पाला हातानं थोडा थोडा करून परातीत भरला आणि खाली दिला. खाली अंगणात पोरीची आई आणि भांडीवाली परात मधे घेऊन बसल्या आणि तांदूळ निवडतात तसा पाला निवडायला लागल्या. ऊन चढत होतं, पत्रा तापायला लागला होता. तिसऱ्या परातीत आईला तो सापडला. तिळापेक्षा थोडा मोठा, एका बाजूनं चकचकीत, दुसऱ्या बाजूनं खडबडीत. ती तो बोटावर घेऊन बसल्या जागीच हसायला लागली आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. भांडीवाली म्हणाली, "आता रडायला काय झालं? सापडला न्हवं!"

वडिलांनी फोटो काढून दाताच्या डॉक्टरना पाठवला. शाळेची वेळ व्हायच्या आत उत्तर आलं. हाच तुकडा, पूर्ण आहे, काळजी नसावी. पोरीचा खोकला साधी सर्दी निघाली, तीन-चार दिवसांत गेला. ओठाची सूज त्याआधीच उतरली. वडील स्वतः खाली येऊन म्हणाले, "काकू, तुमचा यात काही दोष नाही. कुठंही झालं असतं." ते मनापासून म्हणत होते.

पोरगी पुन्हा माझ्याकडे यायला लागली. मी स्टीलचं फुलपात्र वर ठेवून दिलं आणि तिच्यासाठी प्लॅस्टिकचा पेला आणला. त्या पेल्यातून पाणी प्यायला तिनं साफ नकार दिला, मग वाटीनं पाजायला लागले. बाकी सगळं तसंच होतं. रिळांची रांग होती, पापुद्रा होता. फक्त आईचा फोन यायला लागला. पूर्वी ती मधल्या सुट्टीत एकदा करायची, तोही कधी तरी. आता अकराला, एकला, तीनला.

"काय करतेय?"

"झोपलीय."

"बरं बरं, राहू दे. काकू, एक सेकंद व्हिडिओ लावता का? उठवू नका, नुसतं लांबून."

मी व्हिडिओ लावायची. झोपलेल्या पोरीसमोर फोन धरून उभी राहायची. कधी कधी फोनमध्ये आईच्या शेजारी आणखी एखादी बाई डोकावायची. मला फोन नीट धरता यायचा नाही, त्यामुळे चित्र हलायचं, आणि ती म्हणायची, "असू दे, दिसतंय." एके दिवशी वडिलांनी ऑफिसमधून येताना माझ्यासाठी मोठं लोहचुंबक आणलं, लांब दांडीचं, वाकावं लागू नये म्हणून. चांगली वस्तू आहे. अजून वापरते.

मला त्या दोघांचा राग आला नाही. पण मी पोरीकडे बघणं सोडून तिच्या पायांकडे बघायला लागले होते. ती धावली की मी "हळू!" म्हणायची, उभी राहिली की "बस!" म्हणायची. उंबऱ्यात आडवा पाट लावून ठेवला होता. एका दुपारी हाक मारली तरी ती माझ्याजवळ आलीच नाही, मशीनखालीच बसून राहिली. मी विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "ताकू, पडनाल." तिला पडायची भीती नव्हती कधी. ती मी शिकवली होती, फोनच्या मधल्या वेळात.

त्या संध्याकाळी आई न्यायला आली तेव्हा मी पिशवी भरून दिली आणि म्हटलं, "त्या पाळणाघरात नाव घालून टाका हिचं."

"काकू, तसं काही नाही हो. आम्ही कधी काही म्हटलं का?"

"नाही म्हटलं. पण तुमचं तिकडं शिकवण्यात लक्ष लागत नाही आणि माझं इकडं शिवण्यात. परवा एका ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या मी."

ती हसली नाही. "पण तुम्हाला एकदम रिकामं रिकामं होईल."

"मला कामं आहेत."

ती पिशवीचा बंद गुंडाळायला लागली. मग म्हणाली, "एक तारखेपासून एक जागा होतेय म्हणत होते."

म्हणजे विचारून झालं होतं. मी म्हटलं, "मग झालंच की."

एक तारखेला सकाळी त्या दोघी खाली उतरल्या तेव्हा मी पुढचं दार पुसत होते. मुद्दाम नव्हे, पाणी आलं होतं म्हणून. पोरीच्या पाठीवर नवी बॅग, तिच्यापेक्षा रुंद. नवे बूट. आई म्हणाली, "काकूंना टाटा कर." पोरगी दारापाशी आली, रोजच्यासारखी पायरीवर बसली आणि बूट काढायला लागली. पट्टा ओढला, करकर आवाज झाला, एक बूट निघाला. तो तिनं माझ्या चपलांशेजारी नीट ठेवला आणि दुसऱ्याला हात घातला.

"अगं, आज इथं नाही," आई म्हणाली. "आज नव्या शाळेत, तिथं घसरगुंडी आहे, सांगितलं ना?" पोरीनं ऐकलं नाही. आई घड्याळाकडे बघत होती. खाली वाकून तिला हात लावायचं आईच्यानं होईना, तिचा चेहरा तसा झाला होता.

मी पोछा बाजूला ठेवला, पदराला हात पुसले आणि बूट उचलला. पोरीचा पाय मांडीवर घेतला. ती म्हणाली, "नको, ताकू." मी टाच दाबून पाय आत बसवला, पट्टा ओढून लावला, दुसरा सैल झाला होता तोही लावला. तिला उभं केलं आणि आईकडे दिलं.

"निघा," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी उशीर नको."

रिक्षा गेली तेव्हा वरचं आणि खालचं, दोन्ही घरं रिकामी होती. मी पुढची खोली पुसून काढली, उंबऱ्यातला पाट उचलून स्वयंपाकघरात नेला. एक बाई माप द्यायला आली होती, तिला म्हटलं, परवा मिळेल.